तीन कठ्ठे नीळ: चंपारणचा झगडा नेमका कशावरून होता?

चंपारणबद्दल शाळेत जे शिकवलं जातं ते साधारण असं: गोरे मळेवाले शेतकऱ्यांकडून जबरदस्तीने नीळ पिकवून घेत, 1917 मध्ये गांधीजी तिथे गेले, सत्याग्रह झाला आणि जुलूम संपला. यात खोटं काही नाही. पण एक आकडा या गोष्टीत बसत नाही. 1892 ते 1897 या काळात चंपारणात 95,970 एकरांवर नीळ होती. 1914 मध्ये ती उरली होती 8,100 एकर. म्हणजे गांधीजी येण्याच्या तीन वर्षं आधीच निळीचा धंदा जवळजवळ बसला होता. मग कुळं एवढी हवालदिल कशाने झाली होती?

नीळ लावायला लागते म्हणून तर होतीच, पण त्याहून जास्त नीळ बंद करण्याची किंमत मोजावी लागली म्हणून. साहेबाला स्वतःलाच जे पीक नको झालं होतं, त्यातून 'मोकळं केल्याबद्दल' तो कुळांकडून पैसे वसूल करत होता. हे कसं शक्य झालं, ते कळायला आधी जमिनीची उतरंड पाहावी लागते.

मालक कोण, ठेकेदार कोण

चंपारण हा बिहारचा वायव्य कोपरा, नेपाळला लागून. मोतिहारी हे तेव्हा जिल्ह्याचं ठिकाण होतं, बेतिया हे दुसरं मोठं गाव. 1793 च्या कायमधारा पद्धतीमुळे इथली जमीन जमीनदारांच्या नावे होती आणि जिल्ह्याचा बहुतेक भाग तीन जमीनदाऱ्यांत वाटलेला होता: बेतिया राज, रामनगर आणि मधुबन. बेतिया राज त्यांत सर्वांत मोठं.

नीळवाले गोरे बहुतांशी या जमिनीचे मालक नव्हते. ते ठेकेदार होते. जमीनदाराला ठरावीक रक्कम द्यायची आणि त्या बदल्यात गावाचा सारा गोळा करण्याचा हक्क घ्यायचा, असा व्यवहार. कोकणातली खोती ज्यांना ऐकून माहीत आहे त्यांना हे चटकन कळेल. फरक एवढाच की खोताला सारा हवा असायचा, इथल्या साहेबाला साऱ्याच्या आडून नीळ हवी होती. सारावसुलीत त्याला फार सुटत नसे, पण गाव हाती आलं की कुळावर वचक येई आणि त्या वचकातून नीळ.

ठेके दोन तऱ्हेचे होते, आणि पुढचा सगळा गुंता या दोन तऱ्हांवरच उभा आहे. एक मुदतीचा ठेका, काही वर्षांनी नव्याने करायचा. दुसरा 'मुकर्ररी', म्हणजे कायमचा. बेतियाचे महाराज कर्जात बुडाले तेव्हा 1888 मध्ये लंडनमध्ये मोठं कर्ज उभं केलं गेलं आणि त्याच्या हमीपोटी नीळवाल्यांना अनेक गावं मुकर्ररीने दिली गेली. पुढे महाराज वारले, आणि 1897 मध्ये हे संस्थान कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे, म्हणजे सरकारी व्यवस्थापनाखाली गेलं. आता साखळी पाहा: कुळाच्या डोक्यावर नीळवाला ठेकेदार, त्याच्या डोक्यावर बेतिया राज, आणि राजाची गादी सांभाळणारं सरकार. कुळाने कलेक्टरकडे तक्रार नेली की ती फिरून जमीनदाराच्याच व्यवस्थापकाकडे पोचायची.

तीनकठिया

20 कठ्ठ्यांचा एक बिघा. कुळाने आपल्या दर बिघ्यातले तीन कठ्ठे निळीसाठी द्यायचे, याला तीनकठिया म्हणत. आपल्याकडच्या हिशेबाने एकरी सहा गुंठे. आधी हे प्रमाण पाच कठ्ठे होतं, 1860 च्या दशकात ते तीनवर आलं.

15 टक्के जमीन, एवढंच ऐकलं तर फार वाटत नाही. पण तीन कठ्ठे कुठले, ते कुळ ठरवत नसे. कोठीचा माणूस येऊन चांगल्यातला चांगला तुकडा निवडून खूण करून जाई. (कोठी म्हणजे निळीचा कारखाना आणि त्याची कचेरी. साहेबाला तिकडे 'निलहा' म्हणत.) फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरायची, तर त्याआधी जमीन बारीक करून ओल धरून ठेवावी लागे, आणि ते कुळाच्या घरच्या शेतीचेही कामाचे दिवस. बैल एकच जोडी. आधी कोठीचं, मग घरचं.

त्यात नीळ हे कापल्यावर थांबणारं पीक नाही. पाला हिरवा असतानाच हौदात भिजायला पडला पाहिजे, उशीर झाला तर रंग उतरतो. मग तो आंबवायचा, पाणी घुसळायचं, तळाशी बसलेला गाळ उकळायचा, दाबायचा आणि वड्या पाडायच्या. त्यामुळे कारखान्याला जवळची गावं बांधून हवीत, गाड्या वेळेवर हव्यात आणि कुळाला 'यंदा नाही लावत' म्हणायची मुभा नको. बाजारातून पाला विकत घेऊन हा धंदा चालवायचा तर भाव बरा द्यावा लागला असता. तो द्यायचा नव्हता, म्हणून सक्ती.

भावाची पद्धत तर मुद्दाम नीट समजून घ्यावी अशी. पैसे पाल्याच्या वजनावर मिळत नसत, बिघ्यावर मिळत. 1897 च्या सुमारास बिघ्याला 12 रुपये, आणि 1909 मध्ये गोर्ले नावाच्या अधिकाऱ्याच्या चौकशीनंतर साडेतेरा. (त्या चौकशीचा अहवाल सरकारने प्रसिद्ध केलाच नाही.) पीक जोमदार आलं तरी तेवढेच. पीक बसलं तर मात्र त्यातूनही कापून घेत, दोष कुळाचा असो वा पावसाचा. जास्तीचा फायदा साहेबाचा, तोटा कुळाचा, आणि हे सगळं 'सट्टा' नावाच्या करारावर अंगठा घेऊन कायदेशीर केलेलं.

नको झालेल्या पिकाची किंमत

1897 मध्ये जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली. ती स्वस्त होती आणि प्रत्येक डब्यात एकसारखी निघायची. पाल्याच्या निळीचा भाव कोसळला. चंपारणातल्या साहेबांना धंदा गुंडाळायचा होता, पण त्याची झळ सोसायची नव्हती. ती कुळांवर कशी टाकायची, याची दोन उत्तरं त्यांनी काढली.

मुकर्ररीच्या गावांत 'शरहबेशी', म्हणजे सारा वाढवून घेणं. साहेब म्हणणार, तुला नीळ लावायच्या बंधनातून सोडतो, त्याबदल्यात सारा वाढवून दे. वाढ 50-60 टक्क्यांची, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. आता 1885 च्या बंगाल कुळकायद्याच्या 29 व्या कलमाने आपसातल्या कराराने सारा रुपयामागे दोन आण्यांहून, म्हणजे साडेबारा टक्क्यांहून जास्त वाढवायला बंदी होती. पण त्याच कलमात एक पळवाट होती: जमीनदारासाठी विशिष्ट पीक लावायच्या बंधनातून कुळाला मोकळं केलं असेल, तर ही मर्यादा लागू नाही. साहेबांनी नेमकं तेच बोट धरलं. हजारोंनी करार नोंदवले गेले, 30,000 च्या वर.

मुदतीच्या ठेक्याच्या गावांत हे परवडणारं नव्हतं. सारा वाढवला तर ठेका संपल्यावर फायदा बेतिया राजाला जाणार. म्हणून तिथे 'तावान', म्हणजे एकरकमी भरपाई. दर बिघ्याला 100 रुपयांच्या आसपास. एवढी रोकड कुळाकडे कुठली? मग हातचिठ्ठी किंवा गहाणखत लिहून घ्यायचं, व्याज सालीना 12 टक्के.

शरहबेशीचा हिशेब मांडून पाहू. समजा कुळाचा सारा 10 रुपये आहे. कायद्याच्या मर्यादेत तो 11 रुपये 4 आणे होऊ शकला असता. 60 टक्के शरहबेशीने तो 16 रुपये झाला, आणि तो कायमचा. साहेबाला निळीतून जे मिळत होतं ते आता शेतात पाय न घालता मिळू लागलं. पुढे 1914 मध्ये महायुद्ध पेटलं, जर्मन रंग येणं बंद झालं, पाल्याच्या निळीला पुन्हा भाव आला आणि 1916 मध्ये चंपारणातली नीळ 21,900 एकरांवर गेली. मोकळीक विकून झालेलं बंधन पुन्हा दारात उभं राहिलं.

याशिवाय अबवाब, म्हणजे बेकायदा पट्ट्या. त्यांची यादी वाचताना हसावं की रडावं कळत नाही. पैनखर्चा: पाटाच्या पाण्याचा खर्च, पाट असो नसो. मडवच: लग्नावर. सगौरा: विधवेच्या पुनर्विवाहावर. बपही-पुतही: बाप मेल्यावर मुलाचं नाव लावण्याबद्दल. कोल्हुआवन: घाण्यावर. चुल्हियावन: चुलीवर. फगुअही होळीची, दशहरी दसऱ्याची. साहेबाने घोडा घेतला तर घोडही, हत्ती घेतला तर हथिअही, आणि मोटार घेतली तर तिचीही पट्टी. नाही दिली तर गुरं कोंडवाड्यात जात, चराई बंद होई, न्हावी-धोबी तोडला जाई. 1907-08 मध्ये 'साठी' नावाच्या भागातल्या शेख गुलाब आणि शीतल राय यांनी कुळांना उभं केलं होतं. तो उठाव खटले आणि शिक्षांनी दडपला गेला. हाणामारी झाली की सरकारला पोलीस आणायला निमित्त मिळतं, एवढं त्यातून सगळ्यांना कळलं.

एप्रिल 1917

राजकुमार शुक्ल हे मुरली भरहवा गावचे शेतकरी. डिसेंबर 1916 मध्ये लखनौच्या काँग्रेस अधिवेशनात त्यांनी गांधीजींना गाठलं आणि पुढचे काही महिने पाठ सोडली नाही. 10 एप्रिलला दोघे पाटण्यात उतरले. गांधीजींनी चंपारणात पाय ठेवण्याआधी मुझफ्फरपूरला निळवाल्यांच्या संघटनेचे सचिव विल्सन आणि तिरहुत विभागाचे कमिशनर मॉर्सहेड यांची भेट घेतली. एकाने 'तुम्ही बाहेरचे' म्हणून सांगितलं, दुसऱ्याने निघून जा म्हणून. या भेटींतून काही निघणार नव्हतं हे उघड होतं, पण दुसरी बाजू विचारलीच नाही, असं पुढे कुणाला म्हणता आलं नाही.

15 तारखेला ते मोतिहारीला आले. 16 ला हत्तीवरून जसौलीपट्टीकडे निघाले असताना वाटेत चंद्रहिया गावाजवळ जिल्हा मॅजिस्ट्रेट हेकॉक यांची 144 कलमाखालची नोटीस आली: पहिल्या गाडीने जिल्हा सोडा. त्यांनी पोच दिली आणि लेखी कळवलं की जाणार नाही. 17 तारीख वाया गेली नाही, त्या दिवशी कुळांचे जबाब घेणं सुरू होतं. आपण तुरुंगात गेलो तर काम कुणी चालवायचं, याची बोलणी बिहारच्या वकिलांशी झाली. ब्रजकिशोर प्रसाद, राजेंद्र प्रसाद, धरणीधर प्रसाद, रामनवमी प्रसाद, अनुग्रह नारायण सिंह, ही सगळी चालती वकिली असलेली माणसं. गांधीजींनी त्यांच्याकडे मागितलं काय, तर कारकुनी आणि दुभाषाचं काम. आणि वेळ आली तर तुरुंग.

18 ला मोतिहारीच्या कोर्टात सरकारी वकिलाने तहकुबी मागितली. गांधीजींनी ती नको म्हटलं आणि हुकूम मोडल्याचं कबूल केलं. सगळी गंमत इथे आहे. 144 कलम शांतता भंग होण्याच्या भीतीपोटी लावायचं असतं. ती भीती खरी होती का, यावर झगडायची सोय आरोपीला होती आणि चांगल्या वकिलाने ती सोडली नसती. पण मग खटला महिनोन्महिने चालला असता आणि जबाबांचं काम बाजूला पडलं असतं. कबुलीने खटला एका सकाळीच संपला आणि प्रश्न मॅजिस्ट्रेटच्या गळ्यात पडला: चौकशी करायला आलेल्या माणसाला नेमकी कशाबद्दल शिक्षा द्यायची? त्याने 100 रुपयांचा जामीन मागितला, गांधीजींनी तो नाकारला, तरी त्यांना सोडावं लागलं. निकाल पुढे ढकलला गेला आणि तो लागण्याआधीच लेफ्टनंट गव्हर्नर सर एडवर्ड गेट यांच्या हुकमाने खटला मागे घेतला गेला. महायुद्धाच्या ऐन भरात सरकारला ही डोकेदुखी नको होती.

चंपारणातला कायदेभंग म्हणायचा तर एवढाच, दोन-तीन दिवसांचा. साराबंदी झाली नाही, मोर्चा नाही, उपोषण नाही. यानंतरचे महिने गेले कागद लिहिण्यात.

जबाब कसे घेतले

मोतिहारी आणि बेतिया इथे बसून, आणि गावोगाव फिरून, 8,000 च्या वर कुळांचे जबाब लिहून घेतले गेले. पद्धत कडक होती. प्रत्येकाची उलटतपासणी करायची. गाव, कोठी, जमीन किती, सारा आधी किती आणि आता किती, शरहबेशी की तावान, पैसे रोख दिले की कागद लिहून दिला, पावती आहे का, असं मुद्द्यामुद्द्याने. जो पडताळणीत टिकला नाही त्याचा जबाब टाकून द्यायचा. यात वेळ जाई आणि बाहेर रांग वाढे. पण वकिलांना हातात आलेल्या कागदातलं कच्चं काय ते लगेच दिसे, आणि विरुद्ध बाजूलाही ते दिसणार याची त्यांना जाण होती. शंभरातला एक जबाब खोटा निघाला तर साहेबांची संघटना त्या एकाचंच भांडवल करणार.

खोलीत गुप्त पोलीस खात्याचा माणूस बसलेला असे. त्याला हाकललं नाही, उलट बसायला जागा दिली. एरवी पोलिसाचं नाव काढलं की पळणारं कुळ त्याच्यादेखत साहेबाचं नाव घेऊन बोलू लागलं. चंपारणात सर्वांत मोठा बदल कुठला झाला असेल तर तो हा, आणि तो कुठल्याही कायद्याच्या आधी झाला.

आणखी काही गोष्टी ठरवून टाळल्या गेल्या. काँग्रेसचं नाव घ्यायचं नाही. भाषणं करायची नाहीत. वर्तमानपत्रांनी बातमीदार पाठवू नयेत, लागेल तेवढी माहिती आम्ही देऊ. चंपारणच्या कुळांकडून वर्गणी घ्यायची नाही, नाहीतर 'पैशासाठी भडकावलं' म्हणायला जागा होते. सगळा खर्च 3,000 रुपयांच्या आतबाहेर झाला. आपण कुठे जाणार, काय करणार हे अधिकाऱ्यांना आधी कळवायचं. लपवण्यासारखं काही नसलं की गुप्त अहवालाला किंमत राहत नाही.

समिती, तडजोड आणि 26 टक्के

4 जूनला गांधीजी रांचीत गेट यांना भेटले आणि त्यानंतर चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष मध्य प्रांतातले अधिकारी फ्रँक स्लाय. सभासदांत सरकारी अधिकारी, निळवाल्यांचे प्रतिनिधी रीड, एक जमीनदार आणि खुद्द गांधीजी. काल ज्याला जिल्ह्याबाहेर काढत होते तो आज समितीत. जबाबांचा ढीग तयार होताच, शिवाय त्याच काळात चाललेल्या सरकारी जमीन-मोजणीच्या नोंदीही कुळांच्या बाजूने बोलत होत्या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अहवाल एकमताने सादर झाला.

त्यातल्या टक्क्यांचा घोळ अनेक पुस्तकांतही दिसतो, म्हणून वेगवेगळं सांगतो. 25 टक्के हे तावानाबद्दल: घेतलेल्या रकमेचा चौथा हिस्सा परत. 26 टक्के हे शरहबेशीबद्दल: वाढवलेल्या साऱ्यातली जी वाढ आहे, तिच्यातून 26 टक्के कमी. तुरकौलिया कोठीसाठी 20 टक्के. वरच्या उदाहरणात सारा 10 चा 16 झाला होता, वाढ 6 रुपयांची. त्यातून 26 टक्के गेले की सारा 14 रुपये 7 आणे. कुळाच्या हाती दीड रुपयाहून थोडं जास्त.

हे थोडं आहे, यात शंका नाही, आणि तेव्हाही अनेकांना थोडं वाटलं. पण पूर्ण रकमेसाठी अडून बसलं तर पर्याय होता एकेक करार दिवाणी कोर्टात लढण्याचा. 30,000 च्या वर करार, प्रत्येक कुळ वेगळं, समोर पैसेवाला साहेब. तेवढं आयुष्य कुणाकडे होतं? आणि साहेबाने घेतलेला पैसा परत केला, मग तो चार आणे का असेना, हे गावाने पाहिलं. तडजोडीत हे जमेला धरावंच लागतं.

मोठा लाभ पुढच्या कलमात होता. 4 मार्च 1918 ला मंजूर झालेल्या चंपारण शेतजमीन कायद्याने तीनकठिया गेली. ठरावीक जमीन ठरावीक पिकासाठी राखून ठेवण्याचा करार रद्दबातल. नीळ लावायचीच तर कुळाच्या खुशीने, थोड्या मुदतीसाठी, आणि व्यवहार मालाच्या वजनावर. बिघ्यावरचा भाव संपला, तिथेच सक्तीचा कणा मोडला. वजनावर पैसे द्यायचे तर निळीला इतर पिकांच्या तोडीचा भाव द्यावा लागतो, आणि तो द्यायची ताकद त्या धंद्यात उरली नव्हती.

मराठी माणसं तिथे काय करत होती

हा भाग आपल्याकडेही फारसा सांगितला जात नाही. नोव्हेंबर 1917 पासून बडहरवा लखनसेन, भितिहरवा आणि मधुबन इथे शाळा निघाल्या, आणि त्या चालवायला माणसं गेली ती बरीचशी मुंबई इलाख्यातली. बडहरव्याला मुंबईचे अभियंते बबन गोखले आणि अवंतिकाबाई गोखले. भितिहरव्याला बेळगावचे वकील सोमण आणि कस्तुरबा. मधुबनला महादेव देसाई, नरहरी पारीख यांच्याबरोबर आनंदीबाई वैशंपायन. औषधपाण्याची बाजू भारत सेवक समाजाचे डॉ. हरी श्रीकृष्ण देव यांच्याकडे.

दवाखाना म्हणजे तीन औषधं: एरंडेल, क्विनीन आणि गंधकाचं मलम. जीभ पांढरी किंवा पोट साफ नाही, तर एरंडेल. ताप असेल तर एरंडेलानंतर क्विनीन. खरूज किंवा गळू, तर धुऊन मलम. औषध घरी न्यायला द्यायचं नाही. याहून गुंतागुंतीचं काही असलं तर डॉ. देव. रस्ते झाडणं, विहिरी साफ करणं हे काम याच मंडळींनी हाती घेतलं, आणि गावकरी त्यात हात घालायला सहजासहजी तयार होत नव्हते. भितिहरव्याची झोपडी एका रात्री जळाली. संशय कोठीवाल्यांवर होता. सोमणांनी आणि लोकांनी तिथे पक्क्या विटांची इमारत उभी केली.

शाळांचं काम मात्र पुढे टिकलं नाही. बाहेरून आलेली माणसं परतली आणि गांधीजी खेडा आणि अहमदाबादच्या लढ्यांत गुंतले. भूमिहीन मजुरांचा प्रश्न समितीच्या कक्षेत जवळजवळ आलाच नाही, कारण सगळं भांडण जमीन कसणाऱ्या कुळाच्या साऱ्याचं होतं. शरहबेशीचा तीन चतुर्थांश भाग कायम राहिला. जमीनदारी तर तशीच होती. निळवाले हळूहळू जमिनी विकून निघून गेले, बेतिया राज कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडेच राहिलं, आणि जमीनदारी संपवणारा कायदा बिहारमध्ये 1950 साली झाला.